ओस्त्रोवच्या तारेवरच्या गाड्या

स्कोडा म्हटले की आपल्याकडे मोटारच आठवते. 2001 साली तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना सुरू झाला आणि हे नाव घरोघर पोचले. पण स्कोडाच्या गाड्या त्याच्या 39 वर्षे आधी मुंबईच्या रस्त्यावर धावल्या आहेत, तेही पेट्रोल-डिझेलचा थेंब न जाळता. 11 जून 1962 रोजी बेस्टने गवालिया टँक ते माझगाव अशी ट्रॉलीबस सुरू केली. त्यासाठीच्या गाड्या चेकोस्लोव्हाकियातून बोटीने आल्या होत्या. ट्रामचे दिवस तेव्हा भरत आले होते. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला निघून गेली. रूळ नकोत, धूर नको, वीज मात्र घरचीच, असा ट्रॉलीबसमागचा विचार होता. तो नऊ वर्षेही टिकला नाही. 24 मार्च 1971 ला मुंबईतल्या तारांखालून शेवटची गाडी गेली, आणि आज साठी ओलांडलेल्यांनाच ती आठवत असेल.

मोटारीची स्कोडा आणि ट्रॉलीबसची स्कोडा एकाच घराण्यातल्या, पण संसार वेगळे. एमिल स्कोडा या इंजिनिअरने 1869 साली पिल्झेन शहरातला एक यंत्रकारखाना विकत घेतला आणि तो तोफा, टर्बाइन, रेल्वे इंजिने यांपर्यंत वाढवला. त्याच कंपनीने 1925 मध्ये म्लादा बोलेस्लाव गावची लॉरिन अँड क्लेमेंट ही मोटार कंपनी आपल्यात घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने सगळेच ताब्यात घेतले, तेव्हा मोटारीचे खाते वेगळे झाले. पंख लावलेल्या बाणाची खूण दोघांकडे राहिली. मला ज्या कारखान्याची गोष्ट सांगायची आहे तो पिल्झेनच्या शाखेतला, पण पिल्झेनमध्ये नसलेला. जर्मनीच्या सीमेलगत, क्रुश्ने होरी डोंगररांगेच्या पायथ्याशी ओस्त्रोव नावाचे लहानसे गाव आहे. जगातल्या कितीतरी शहरांना विजेची बस याच गावाने पुरवली.

आधी ही बस चालते कशी ते पाहू, कारण कारखान्याचे पुढचे सगळे नशीब त्यात आहे. ट्रामला डोक्यावर एकच तार पुरते. वीज तारेतून येते आणि लोखंडी चाकांतून रुळात परत जाते. ट्रॉलीबसची चाके रबरी, त्यामुळे परतीची वाट बंद. म्हणून डोक्यावर दोन तारा आणि टपावर दोन लांब दांडे, एक वीज आणणारा, एक नेणारा. दांड्याच्या टोकाला खोबणीचा बूट असतो, त्यात कार्बनचा तुकडा बसवलेला. तार त्या कार्बनवरून घासत जाते. पावसात हा कार्बन लवकर झिजतो, म्हणून डेपोत तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. दांडे बाजूला वळतात, त्यामुळे रस्त्यात कोणी हातगाडी उभी केली तरी बस तिला वळसा घालून जाऊ शकते. ट्रामला ते जमत नाही. मात्र वळणावर घाई झाली की दांडा तारेवरून सुटतो आणि उसळी मारून आकाशाकडे उभा राहतो. मग गाडी जागच्या जागी थांबते. कोणीतरी मागे जाते, गाडीच्या पाठीला बांधलेली दोरी ओढते, मान वर करून, डोळे बारीक करून बूट पुन्हा तारेवर अचूक बसवते.

आणखी एक गोष्ट प्रवाशाला कधी दिसत नाही. रबरी चाकांमुळे गाडी जमिनीपासून तुटलेली असते. आत कुठे वीज झिरपून पत्र्यात आली, तर ती जमिनीत उतरायला वाट नसते. ओल्या रस्त्यावर एक पाय ठेवून लोखंडी दांडी धरणाऱ्या माणसाच्या अंगातून तिला ती वाट मिळू शकते. म्हणून ट्रॉलीबसमध्ये विजेचा प्रत्येक भाग दोन थरांनी वेगळा ठेवावा लागतो. साध्या बसच्या सांगाड्यावर मोटार ठेवली आणि झाली ट्रॉलीबस, असे होत नाही. ओस्त्रोवच्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते, आणि याच मुद्द्यावर पुढे त्यांचा कारखाना तगला आणि अखेर संपलाही.

स्कोडाची पहिली ट्रॉलीबस, 1टीआर, 1936 सालची, तीन आसांची, प्रागसाठी केलेली. त्याच वर्षी 29 ऑगस्टला प्रागमध्ये ट्रॉलीबस सुरू झाली. पिल्झेनने आपल्या शहरात 1941 मध्ये ती आणली. युद्धानंतर 6टीआर, 7टीआर, 8टीआर अशी एकामागून एक मॉडेले निघाली. आकडा वाढला की समजायचे, स्कोडाच्या इंजिनिअरांनी जुन्या गाडीवर पुन्हा विचार केला. पिल्झेनला मात्र रेल्वे इंजिनांचे आणि विजेच्या यंत्रांचे काम इतके होते की बससाठी जागा उरेना. 1960 च्या सुमारास हे काम ओस्त्रोवला हलले.

ओस्त्रोवच का, हे समजायला त्याच्या माथ्यावरचे गाव पाहिले पाहिजे. त्याचे नाव याखिमोव. सोळाव्या शतकात तिथे चांदी निघाली. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी ज्या खनिजातून रेडियम शोधले ते याच खाणीतले. 1948 नंतर साम्यवादी सरकारने तिथल्या युरेनियमसाठी छावण्या उभारल्या आणि राजकीय कैद्यांना खाणीत उतरवले. खनिज सोव्हिएत संघाकडे जाई. ओस्त्रोवच्याच हद्दीत एक लाल विटांचा मनोरा अजून उभा आहे. कैदी तिथे कोणत्याही संरक्षणाविना खनिज दळत आणि पिंपांत भरत. लोक त्याला मृत्यूचा लाल मनोरा म्हणतात. 2019 मध्ये युनेस्कोने या खाणपट्ट्याला जागतिक वारसा ठरवले, त्यात हा मनोराही आहे. ओस्त्रोवचे नवे गाव, त्याचे रुंद रस्ते, मधोमधचे सांस्कृतिक भवन, सगळे खाणींच्या जोरावर पन्नाशीच्या दशकात उभे राहिले. मग खाणी आटत चालल्या. एवढ्या वस्तीला दुसरे काम हवे होते, आणि ते स्कोडाने दिले. या जागेचा इतिहास इतका काळा आहे की त्या शेजारी बसचे कौतुक करताना पेन अडते. तरीही त्या मातीत नंतर रुजलेले हे काम चांगले होते, एवढे म्हणायलाच हवे.

1961 मध्ये ओस्त्रोवमधून 9टीआर नियमित बाहेर पडू लागली. अकरा मीटर लांब, घडीची तीन दारे, गोलसर कपाळ, स्वतःचे वजन स्वतःच पेलणारी जोडीव पत्र्याची पेटी. तिच्यात वेगळी चौकट नव्हती, त्यामुळे गाडी हलकी झाली. मोटार आणि विजेचे सगळे सामान पिल्झेनहून येई, ओस्त्रोव सांगाडा करून त्यात ते बसवी. 1982 पर्यंत हे मॉडेल चालू राहिले आणि 7,372 गाड्या निघाल्या. बहुतेक सोव्हिएत संघात गेल्या.

त्या गाडीची खरी परीक्षा क्रायमियात झाली. सिंफेरोपोलच्या रेल्वे स्थानकापासून काळ्या समुद्रावरच्या याल्टापर्यंत ट्रॉलीबसची तार नेली आहे, 86 किलोमीटर, जगातली सर्वांत लांब. 1959 मध्ये ती अलुश्तापर्यंत पोचली, 1961 मध्ये याल्टाला. वाटेत 752 मीटर उंचीची अंगार्स्क खिंड. आपल्या खंडाळ्याच्या घाटात भरलेली बस खाली उतरवताना ड्रायव्हरचे लक्ष ब्रेकच्या तापण्याकडे असते, तसेच तिथे. पण विजेच्या गाडीला एक जास्तीचा ब्रेक असतो: उतारावर मोटारच उलटी जनित्र होते, तयार होणारी वीज रोधकांतून उष्णता बनून निघून जाते आणि चाके आवरली जातात. ब्रेकचे पट्टे वाचतात. सोव्हिएत कारखाने स्वतः हजारोंनी ट्रॉलीबस करत असताना या घाटासाठी स्कोडाच्या गाड्या निवडल्या गेल्या, आणि त्यांतल्या काही चाळीसेक वर्षे तिथे राबल्या. ओस्त्रोवला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळाले असेल असे मला वाटत नाही.

चढाची ही उमज ओस्त्रोवला घरबसल्याच येत होती. 1963 मध्ये कारखान्याने ओस्त्रोवपासून वर याखिमोवपर्यंत डोंगरातून चाचणीची तार ओढली. प्रवाशांसाठी नाही, फक्त गाड्या तपासण्यासाठी. नवी गाडी कारखान्यातून निघायची, चढ चढायची, मोटार किती तापते ते बघायचे, मग उतारावर ब्रेक. ट्रॉलीबस करणाऱ्याच्या दारातच घाट असणे ही मोठीच गोष्ट होती.

1979 मध्ये काबूलने ट्रॉलीबस आणली, तीही 9टीआर. दिल्लीतली ट्रॉलीबस तोवर कधीच इतिहासजमा झाली होती आणि मुंबईचीही, तेव्हा काबूलच्या रस्त्यांवर तारा चढत होत्या. नव्वदीच्या सुरुवातीच्या यादवीत त्या सगळ्या गेल्या.

दुःखाची गोष्ट अशी की 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला खुद्द चेकोस्लोव्हाकिया आपल्या तारा उतरवत होता. सोव्हिएत तेल स्वस्त मिळे, डिझेलची बस कुठेही वळवता येई. चेस्के बुद्येयोवित्सेने 1971 मध्ये ट्रॉलीबस बंद केली, प्रागने 1972 मध्ये, द्येचीनने 1973 मध्ये. ज्या शहरात स्कोडाची पहिली गाडी धावली, तिथेच एकही तार उरली नाही. कारखान्याला सावरले ते परदेशच्या मागणीने, मुख्यतः सोव्हिएत शहरांच्या, आणि नंतर 1973 च्या तेलसंकटाने. तेल महागले तशी विजेच्या बसची आठवण पुन्हा झाली.

त्याच्या आधी एक प्रयोग होऊन गेला होता. 1964 पासून स्कोडाने टी11 नावाची गाडी केली. विसोके मीतो गावच्या कारोसा कंपनीचा नव्या डिझेल बसचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात स्कोडाची वीज बसवायची. वरवर शहाणपणाचे: एकच सांगाडा, सुटे भाग एकच, खर्च कमी. आठ गाड्यांवर काम थांबले. ओस्त्रोव पुन्हा 9टीआरकडे वळले आणि पुढची सगळी वर्षे स्वतःचा सांगाडा स्वतः करत राहिले.

9टीआरच्या जागी आलेली 14टीआर ही चौकोनी कपाळाची. 1970 च्या दशकात नमुने, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून नियमित उत्पादन. तिचा मोठा बदल आत होता. जुन्या गाडीत वेग वाढवताना रोधक एकेक करून काढले जात, गाडी हिसके देत सुटे आणि निम्मी वीज उष्णतेत जाई. 14टीआरमध्ये थायरिस्टर आले. ते वीज सेकंदात शेकडो वेळा तोडून-जोडून मोटारीला हवी तेवढीच देतात, त्यामुळे गाडी सरळ, विना हिसका सुटते. पाठोपाठ जोडगाडी 15टीआर आली.

1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला. जी शहरे शेकड्याने गाड्या घेत, त्यांच्याकडे पैसेच उरले नाहीत. त्याच वेळी अमेरिकेत एक दार उघडले. अमेरिकेच्या एएआय कंपनीबरोबर स्कोडाने इलेक्ट्रिक ट्रान्झिट ही भागीदारी केली. राइट बंधूंच्या डेटन शहराला 57 गाड्या मिळाल्या. मग सॅन फ्रान्सिस्कोने 240 साध्या आणि 33 जोडगाड्या घेतल्या. त्या शहरातल्या 24 क्रमांकाच्या मार्गावर 22.8 टक्के चढ आहे, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना जवळजवळ तेवीस फूट वर. डिझेलची बस तिथे धापा टाकते. विजेच्या मोटारीला स्थिर उभे असतानाच पुरा जोर मिळतो. याखिमोवच्या चढावर ताडून पाहिलेली विद्या पॅसिफिकच्या काठी कामी आली.

पण अमेरिकेची ही एकच मोठी मागणी होती. युरोपातल्या शहरांना आता बुटक्या पायरीच्या, व्हीलचेअर सहज चढेल अशा बस हव्या होत्या. ओस्त्रोवने 1995 मध्ये 21टीआर काढून उत्तर दिले, तीही चांगली गाडी होती. मात्र एवढ्या थोड्या गाड्यांसाठी वेगळा सांगाडा करणे परवडेना. मोठ्या बस कंपन्या हजारोंनी सांगाडे करत होत्या. 2004 मध्ये ओस्त्रोवमधले ट्रॉलीबसचे काम बंद झाले. त्याच वर्षी याखिमोवच्या घाटातली चाचणीही थांबली आणि 2006 पर्यंत तारा आणि खांब काढले गेले.

पुढे जे झाले तो टी11 चाच विचार, चाळीस वर्षांनी. पिल्झेनची स्कोडा इलेक्ट्रिक सांगाडा दुसऱ्याचा घेते आणि वीज आपली बसवते. 24टीआरला सांगाडा इरिसबस या बस कंपनीचा होता, आणि कारोसा तोवर इरिसबसचाच भाग झाली होती. नंतर पोलंडच्या सोलारिसचे आणि चेक एसओआरचे सांगाडे आले. आता हे जमते, कारण मोटारींवर संगणकाचा ताबा आहे, विजेचे सामान आटोपशीर झाले आहे आणि बस बांधणाऱ्यांनाही विजेची सवय झाली आहे. 1964 मध्ये असे काहीच नव्हते. ओस्त्रोवच्या माणसांनी स्वतःचा सांगाडा धरून ठेवला, यात मला हट्ट दिसत नाही. त्या काळी चांगली ट्रॉलीबस होण्याचा तोच रस्ता होता.

चाचणीची तार मात्र ठेवायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते. कारण प्राग परत आले. 2017 मध्ये प्रागने प्रोसेकच्या चढावर तारांचा छोटासा तुकडा टाकून बॅटरीच्या ट्रॉलीबसची चाचणी सुरू केली. चढावर तारेतून वीज घ्यायची, त्यातच बॅटरी भरून घ्यायची आणि सपाटीवर दांडे खाली करून बॅटरीवर जायचे. मार्च 2024 पासून प्रागच्या विमानतळाकडे जाणाऱ्या 59 क्रमांकाच्या मार्गावर स्कोडा-सोलारिसच्या दोन सांध्यांच्या लांबलचक ट्रॉलीबस याच पद्धतीने धावतात. चढ चढताना बॅटरी किती भरते, मोटार किती तापते, उतरताना किती वीज परत मिळते, हे सारे पुन्हा नव्याने मोजावे लागले. ते मोजायला याखिमोवचा घाट तयारच असता, 41 वर्षे वापरून पारखलेला.