सूर्याची उष्णता, तेलाचे बिल

दुधाच्या पाश्चरीकरणास ७२ अंश सेल्सिअस तापमान पंधरा सेकंद पुरते. त्यासाठी बॉयलरमध्ये तेल जाळणे हा अपव्ययच. मुंबईच्या आयआयटीच्या सहकार्याने घडलेली १६० चौरस मीटरची ‘अरुण’ ही सौर तबकडी लातूरच्या डेअरीत बसली, तेव्हाच देशी बनावटीची कुवत सिद्ध झाली. मग मागणी का वाढू नये? कारण तेलाचे बिल दरमहा येते. सूर्याचे मात्र वीस वर्षांचे एकदम, यंत्राच्या किमतीत. केंद्राच्या योजनेत अनुदानही आरशांच्या क्षेत्रफळावर मोजले गेले, मिळालेल्या उष्णतेवर नव्हे. आरसे धुळीने माखले, तरी अनुदान पोचलेलेच! त्यापेक्षा उत्पादकानेच संच स्वतःच्या मालकीने उभारून मोजून उष्णता विकावी, आणि त्या करारावर बँकांनी कर्ज द्यावे. जुना बॉयलर मोडीत काढू नये. पावसाळ्यात तो लागणारच.