घांद्रुकची पायवाट आणि डोंगरातली खाचरे

मागील पालक-सभेत दिवाळीच्या सुट्टीतील सहलीचा विषय निघाला, तेव्हा सभागृहात थोडी कुजबुज झाली. आम्ही सुचवले होते की नववी ते अकरावीच्या मुला-मुलींना या वेळी नेपाळात, पोखऱ्याजवळच्या घांद्रुक गावी चार दिवस पायी न्यावे. एका पालकांनी विचारले, "सर, शेतं बघायला नेपाळपर्यंत कशाला? ती तर मुरैनाच्या वाटेवरही आहेत." दुसऱ्यांनी विचारले, "वाट बांधलेली आहे म्हणता, मग वाटाड्याचा खर्च कशासाठी?" आणि विश्वस्त-मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी सर्वांत कठीण प्रश्न विचारला, की मुलांना काही झाले तर? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. सभेत वेळ अपुरा पडला, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम शेतांविषयी. मुरैनाकडचे सरसोंचे शेत सपाट जमिनीवर असते. नांगर घातला, बी पेरले, पाणी दिले की झाले. घांद्रुकच्या परिसरात सपाट जमीन मुळी नाहीच. तेथे डोंगराचा उतार कापून एकाखाली एक पायऱ्या केल्या आहेत. आपल्या कोकणात ज्याला भाताचे खाचर म्हणतात तेच हे, पण नदीकाठापासून गावाच्या पायथ्यापर्यंत शेकडोंच्या संख्येने. काही खाचरे इतकी अरुंद की बैल वळत नाहीत, तेथे कुदळीने खणावे लागते.

नेपाळी शेतकरी या पायऱ्यांचे दोन प्रकार मानतो. जिला पाटाचे पाणी मिळते आणि जिच्यात भात होतो ती पायरी 'खेत', आणि जी केवळ पावसावर मका व कोदो पिकवते ती 'बारी'. (कोदो म्हणजे आपली नाचणी. नावावरून आपल्याकडचे कोदो-कुटकी समजू नये, आमचीही प्रथम तीच चूक झाली होती.) खेत अगदी समपातळीत असावे लागते, कारण भाताच्या रोपांना सगळीकडे सारखे पाणी हवे. एक कोपरा वीतभर उंच राहिला तरी तेथले रोप वाळते. बारीची गोष्ट उलट आहे. ती मुद्दाम बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवतात, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही आणि साचलेल्या पाण्याच्या भाराने पायरी खाली कोसळत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात जलदाब आणि मृदा-अपरदन ही दोन वेगवेगळी प्रकरणे आहेत; तेथे ती एकाच बांधावर दिसतात.

पाणी येते वरच्या ओढ्यातून. ओढा अडवून डोंगराच्या कडेकडेने पाट काढतात, त्याला 'कुलो' म्हणतात. कुलोचे पाणी वरच्या खेतात शिरते, ते भरले की बांधातल्या मोऱ्हीतून खालच्या खेतात, तेथून त्याच्या खालच्यात. म्हणजे पाणी एका घराचे नसते. वरच्याने वेळेवर मोऱ्ही उघडली नाही तर खालचा उपाशी, आणि वरच्याचा बांध फुटला तर खालच्याचे पीक मातीखाली. कुलो साफ करण्याचे काम म्हणूनच गाव मिळून करते.

लावणीही एकट्याने होत नाही. असार महिन्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, चिखलणी आणि लावणी चालते. बैल हाकणारा तो हली, कुदळीने बांध लिंपणारा तो बाउसे, आणि वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रिया. आज माझ्या शेतात तुम्ही या, उद्या तुमच्या शेतात मी येतो, अशी ही श्रमांची देवघेव आहे. तिला तेथे 'पर्म' म्हणतात. कोकणात हिलाच सावड म्हणतात आणि देशावर इर्जिक. आमच्या पिढीतील किती ग्वाल्हेरकर मराठी घरांत हे दोन शब्द आता कानावर पडतात, कोण जाणे. असारची पंधरावी तारीख नेपाळात दही-पोहे खाऊन साजरी होते, आणि २००४ सालापासून तो तेथील राष्ट्रीय धान दिवस आहे. बांधाची जागाही फुकट जात नाही. त्यावर भटमास आणि मास लावतात, म्हणजे सोयाबीन आणि उडीद. मध्य प्रदेशच्या मुलांना सोयाबीन काही नवे नाही, पण ते वीतभर रुंदीच्या बांधावर उभे असलेले त्यांनी पाहिले नसेल.

आता ज्यासाठी ही सहल आम्हांला यंदाच व्हावीशी वाटते ते कारण. ही खाचरे टिकतातच असे नाही. गुरुंग आणि मगर घराण्यांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या गोरखा पलटणींत भरती होत आले; डोंगरातली कित्येक दगडी घरे ब्रिटिश आणि भारतीय सैन्याच्या निवृत्तिवेतनावर उभी आहेत. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यावर नेपाळातून भारतीय सैन्यात होणारी भरती अडली. पण आखाती देश, मलेशिया, कोरिया, जपान यांच्या वाटा त्याआधीपासूनच खुल्या होत्या. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा पैसा परदेशी गेलेली माणसे घरी पाठवतात. पैसा येतो, पण बांध लिंपायला हात राहत नाहीत. एका घराने खेत सोडले की पहिल्या वर्षी गवत उगवते, मग खेकडे आणि उंदीर बांधाला भोके पाडतात, आणि एका पावसाळ्यात तो बांध जातो. नुकसान मग त्या एका घरापुरते राहत नाही, हे वर सांगितलेच आहे. नेपाळच्या मध्य-पहाडी भागात पडीक पडलेल्या अशा पायऱ्या ठिकठिकाणी दिसतात. दुरून त्या हिरव्यागार असतात आणि छायाचित्रात छानही येतात. बरोबर जाणकार नसेल तर मुलांना त्या सौंदर्यच वाटतील.

याचीच दुसरी बाजू ताटात दिसते. पदयात्री दाल-भात जेवतो आणि खिडकीतून भाताची खाचरे पाहतो, पण ताटातला भात पुष्कळदा जीपने वर आलेला, तराईतला किंवा भारतातून आयात झालेला असतो. आम्ही बुकिंग करतानाच कळवणार आहोत की मुलांना एक वेळ कोदोच्या पिठाचा 'ढिंडो' आणि गावचाच भाजीपाला द्यावा. मुले नाक मुरडतील, हरकत नाही.

येथे एक गोष्ट समाधानाची आहे. या डोंगरात पाहुणे आणि गाव यांचा हिशोब बसवण्याचा प्रयत्न फार आधी झाला. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचे काम १९८६ साली सुरू झाले ते घांद्रुकमध्येच. आज या क्षेत्राचा विस्तार ७,६२९ चौरस किलोमीटर आहे. गावे उठवून जंगल राखण्याऐवजी गावे तेथेच ठेवून, यात्रेकरूंकडून प्रवेश-शुल्क घ्यायचे आणि ते वाटा, पाणी, शाळा, वनराखण यांवर खर्चायचे, अशी ती कल्पना. लॉजमालकांच्या समित्या जेवणाचे दर ठरवतात, त्यामुळे एका गावात घासाघीस करावी लागत नाही. आमा समूह, म्हणजे गावातील मातांची मंडळे, पाहुण्यांसमोर नाच-गाणी करून पैसा जमवतात आणि त्यातून पायवाटेचे दगड बसवतात. आमच्या शाळेच्या महिला पालक-समितीने हे जरूर वाचावे, इतकेच म्हणतो.

आता वाटाड्या. नेपाळात संघटित पदभ्रमणाचा व्यवसाय सुरू झाला तो १९६४ च्या सुमारास, जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्यामुळे. पुढे कित्येक वर्षे तेथे एकटे-दुकटे फिरणेही चालत असे. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळ पर्यटन मंडळाने विदेशी पदयात्रींना परवानाधारक मार्गदर्शक घेणे बंधनकारक केले. या निर्णयाची अंमलबजावणी सगळीकडे सारखी होत नाही असे ऐकतो. पण शाळेने नियम आहे म्हणून नव्हे, नियम नसता तरी वाटाड्या घेतला असता.

कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपुड्यातील एका डोंगराळ ठिकाणी आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. वाट रुंद होती, पाट्या होत्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायचे म्हणून वाटाड्या घेतला नाही, आणि तो निर्णय आमचाच होता. दोन मुलांनी पुढे जाऊन जवळची वाट म्हणून ओढ्याचे पात्र धरले. अंधार पडायच्या आत गुराख्यांनी त्यांना आणून सोडले, पण मधले अडीच तास आम्ही कसे काढले ते आम्हांलाच ठाऊक. त्या दोघांच्या मातांसमोर उभे राहताना जे वाटले ते पुन्हा वाटू द्यायचे नाही.

हवामानाचेही तसेच. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले. दोनच दिवसांनी त्याचे उरलेले ढग अन्नपूर्णा भागात पोहोचले आणि थोरोंग ला या ५,४१६ मीटर उंचीच्या खिंडीभोवती प्रचंड हिमवर्षाव झाला. चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत विदेशी यात्री होते, भारतीय होते, नेपाळी वाटाडे आणि हमालही होते. म्हणजे वाटाड्या असला की सारे सुखरूप, असा भ्रम आम्ही पालकांना देत नाही. चांगल्या वाटाड्याची खूण ही की तो 'आज निघायचे नाही' असे सांगू शकतो, आणि ते ऐकण्याची तयारी आपली हवी. सहलीत एक दिवस मोकळा ठेवला आहे तो यासाठीच. तो दिवस वाया गेला असे कोणी म्हणू नये.

आपली वाट त्या खिंडीच्या जवळपासही जात नाही. घांद्रुक सुमारे २,००० मीटरवर आहे. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. आपल्याला भीती आहे ती दगडी पायऱ्यांवर पाय मुरगळण्याची, पोट बिघडण्याची आणि ओढ्यात उतरण्याच्या मोहाची. पावसाळ्यात दरडी आणि जळवाही असतात, म्हणून आपण दिवाळीच्या सुमारास जात आहोत. तेव्हा भात पिवळे झालेले असते, कापणी चालू असते आणि हिमशिखरे सकाळी स्वच्छ दिसतात.

मुलींच्या पालकांसाठी एक विशेष गोष्ट. पोखऱ्यात लकी, डिकी आणि निकी या छेत्री भगिनींनी १९९० च्या दशकात स्त्रियांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण देण्याचे काम सुरू केले, आणि आज त्या भागात महिला मार्गदर्शक सहज मिळतात. आपण दोन वाटाडे घेणार आहोत, त्यांपैकी एक महिला असेल. दोघेही त्याच खोऱ्यातले असावेत असा आमचा आग्रह आहे. काठमांडूहून आलेला माणूस वाट दाखवील, पण हे खेत कोणाचे आणि का पडले, हे सांगू शकणार नाही.

वाट अशी. पोखऱ्याहून बसने कांडे. तेथून पायी पोथाना आणि तोल्का मार्गे लांद्रुक. दुसऱ्या दिवशी लांद्रुकहून मोदी खोला या नदीपर्यंत उतार, पूल ओलांडून घांद्रुकचा चढ. दोन्ही गावे समोरासमोर दिसतात, आवाज दिला तर ऐकू जाईल असे वाटते. चालायला मात्र अर्धा दिवस जातो. तिसरा दिवस गावात, चौथ्या दिवशी खाली किम्चेकडे उतरून जीपने परत. मोटारीचा रस्ता आता घांद्रुकच्या जवळ पोहोचला आहे, त्यामुळे काही पालकांनी 'जीपनेच वर जा' असे सुचवले आहे. गावातल्या आजारी माणसाला तो रस्ता वरदान आहे. आपली मुले मात्र पायीच जातील.

भाषेची अडचण पडणार नाही. पाट्या देवनागरीत आहेत आणि हिंदी पुष्कळांना समजते. गुरुंग मुले घरी गुरुंग बोलतात, शाळेत नेपाळी शिकतात, पाहुण्यांशी इंग्रजी. घरची भाषा एक आणि शाळेबाहेरची दुसरी, हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही. त्यांनी तेथल्या मुलांशी याविषयी जरूर बोलावे.

कागदपत्रे : भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागते. पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना प्राचार्यांनी दिलेले विहित नमुन्यातील ओळख-प्रमाणपत्र चालते असा नियम आहे. तो निघण्यापूर्वी पुन्हा तपासून आम्ही प्रत्येकाला कळवू. प्रवास ग्वाल्हेर-बरौनी गाडीने गोरखपूर आणि तेथून सोनौलीमार्गे बसने. प्रत्येकाने आपली पिशवी स्वतः उचलायची आहे, म्हणून वजन सहा किलोंपेक्षा जास्त नको. हमाल फक्त औषधपेटी आणि सामायिक सामानासाठी घेऊ, आणि वाटाड्यांप्रमाणेच त्यांचाही विमा उतरवला आहे याची खात्री करूनच पैसे भरू.

शेवटी सरावाचे. आपला किल्ला शहरापासून सुमारे शंभर मीटर उंच आहे. मोदी खोल्यापासून घांद्रुकपर्यंतचा चढ सातशे मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे एकावर एक सात किल्ले. नाव दिलेल्या विद्यार्थ्यांनी पुढल्या रविवारपासून सकाळी सहा वाजता किला-गेटपाशी जमावे. जोडे तेच घालावेत जे नेपाळात घालायचे आहेत. नवे कोरे जोडे घालून कोणी गाडीत चढलेले आम्हांला दिसता कामा नये. पालकांपैकी ज्यांना जमेल त्यांनीही यावे. आम्ही दर रविवारी असूच.