बर्फातील मीठ, बर्फातील धूळ

अंटार्क्टिकाच्या पूर्वेकडील पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर ‘डोम सी’ नावाचे ठिकाण आहे. तेथील वार्षिक सरासरी तापमान उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सर्वांत जवळचा समुद्रकिनाराही सुमारे हजार किलोमीटर दूर आहे आणि आजूबाजूला उघडी जमीन कोठेही दिसत नाही. तरीही तेथील बर्फ वितळवून तपासला, तर त्यात मीठही सापडते आणि मातीही. दोन्हींचे प्रमाण अत्यल्प असते. परंतु त्या अत्यल्प प्रमाणाच्या काटेकोर मोजणीतून पृथ्वीच्या आठ लाख वर्षांच्या हवामानाचा हिशेब हाती आला आहे.

डोम सी येथे वर्षभरात पडणारा हिम वितळवला, तर जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी होईल. मात्र पडलेला हिम तेथे वितळत नाही. थरावर थर साचत जातो, खालचा थर दाबला जाऊन त्याचा बर्फ होतो आणि त्या-त्या काळी वाऱ्याने आणलेले कण त्यातच राहतात. ‘एपिका’ या युरोपीय प्रकल्पाने १९९६ ते २००४ या काळात येथे सुमारे ३,२७० मीटर खोल छिद्र घेऊन, सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचे बर्फाचे लांबट दंडगोल वर काढले. त्यांना हिमगाभा म्हणतात. छिद्र घेताना गाभ्याच्या बाहेरील भागाला बाह्य द्रव्यांचा स्पर्श होतो; म्हणून तो भाग वगळून केवळ आतील बर्फ तपासला जातो.

प्रथम धुळीचा विचार करू. हिमयुगांच्या ऐन थंडीत डोम सी येथे पडलेली धूळ ही उबदार काळाच्या सुमारे २५ पट होती. धुळीतील स्ट्रॉन्शियम व निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासल्यावर ती मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातून, विशेषतः पॅटागोनियातून आल्याचे दिसून आले. त्या काळी हवा कोरडी होती, वनस्पतींचे आवरण विरळ होते आणि हिमनद्या खडकांचे बारीक पीठ करून मैदानांवर पसरवीत होत्या. पाऊस कमी असल्याने हवेतील कण वाटेतच धुतलेही जात नव्हते. धुळीची नोंद त्यामुळे सहज समजण्यासारखी आहे: जितका काळ थंड व कोरडा, तितकी धूळ अधिक.

मिठाने मात्र संशोधकांना पेचात टाकले. मीठ समुद्राच्या लाटांतून उडते, हे सर्वांस ठाऊक आहे. हिमयुगात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र दूरवर गोठलेला असे. म्हणजेच उघडे पाणी डोम सीपासून आणखी लांब गेलेले असे. त्या हिशेबाने मीठ कमी सापडावयास हवे होते. प्रत्यक्षात हिमयुगांच्या थरांत ते उबदार काळापेक्षा कितीतरी अधिक आढळले. त्या काळी वादळे प्रबळ असावीत, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात असे.

हे स्पष्टीकरण पडताळून पाहण्याची संधी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील संशोधन तळांवर मिळाली. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि सल्फेट यांचे प्रमाण ठरलेले असते. हिवाळ्यात किनाऱ्यावरील हवेतून गोळा केलेल्या मिठात मात्र सल्फेट त्या प्रमाणापेक्षा कमी भरले. समुद्र गोठताना खारे पाणी बर्फाच्या पृष्ठभागावर येते. तापमान उणे आठ अंशांच्या आसपास खाली गेले, की त्यातील सोडियम सल्फेट स्फटिकरूपाने वेगळे होऊन मागे राहते. उरलेल्या खारट द्रवात सल्फेट कमी असते. म्हणजेच ते मीठ लाटांतून उडालेले नसून गोठलेल्या समुद्राच्या पृष्ठभागावरून, तेथील हिमफुलांतून आणि वाऱ्याने उडालेल्या खारट हिमकणांतून आलेले होते. मिठाचे प्रमाण भर हिवाळ्यात सर्वाधिक असते, हेही या निष्कर्षाशी जुळते.

या आधारावर एरिक वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गेल्या आठ हिमचक्रांतील मिठाच्या नोंदींचा अर्थ लावला: मीठ अधिक, तर गोठलेला समुद्र अधिक विस्तृत. या मोजमापालाही मर्यादा आहे. बर्फाची कडा फारच दूर गेली, की तेथील मीठ वाटेतच गळून पडते आणि आकडा पुढे फारसा वाढत नाही. शिवाय वाऱ्याचा परिणाम पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. म्हणून मिठाचे आकडे सागरतळातील गाळासारख्या स्वतंत्र पुराव्यांशी ताडून पाहिले जातात.

या कार्यात भारताचाही सहभाग आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात हिमगाभे उणे २० अंश तापमानात जतन करण्याची सोय आहे. पूर्व अंटार्क्टिकातून आणलेल्या गाभ्यांतील धूळ व मीठ यांचा अभ्यास तेथे केला जातो.

या जुन्या नोंदींचे महत्त्व आज विशेष जाणवते. अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी बर्फाची उपग्रहांद्वारे अखंड मोजणी १९७९ च्या सुमारास सुरू झाली. २०२३ च्या हिवाळ्यात त्या बर्फाचा कमाल विस्तार या संपूर्ण नोंदीतील सर्वांत कमी ठरला. ही घट नेहमीच्या चढउतारांत बसणारी आहे की नव्या स्थितीचा प्रारंभ आहे, हे केवळ साडेचार दशकांच्या आकड्यांवरून ठरविणे कठीण आहे. एखाद्या पेढीच्या एकाच वर्षाच्या ताळेबंदावरून जाणता व्यापारी तिची पत ठरवीत नाही. तो मागच्या वह्या मागवितो. त्याच हिमगाभ्यांतील हवेचे बुडबुडे असेही सांगतात, की औद्योगिक काळापूर्वीच्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात ३०० भागांच्या वर कधी गेले नव्हते. आज ते ४२० च्याही पुढे गेले आहे.

जानेवारी २०२५ मध्ये डोम सीपासून काही दहा किलोमीटर अंतरावर, २,८०० मीटर खोलीवर नव्या युरोपीय प्रकल्पाची यंत्रे खडकापर्यंत पोहोचली. तेथून मिळालेला बर्फ बारा लाख वर्षांहून जुना आहे. त्यातील धूळ आणि मीठ मोजण्याचे काम आता हाती घेतले जात आहे.