गुरुजी थकले की वर्ग थकतो

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या ईव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-राइकल या दोन संशोधकांनी चौथी ते सातवीच्या ४०६ मुलांच्या लाळेचे नमुने घेतले आणि त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक. ‘तुला टेन्शन येतं का?’ असं विचारल्यावर मूल जे सांगणार नाही, त्याचा थोडाफार अंदाज लाळेवरून बांधता येतो. त्याच सुमारास या मुलांच्या वर्गशिक्षकांना त्यांच्या कामाच्या थकव्याबद्दल प्रश्न विचारले गेले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या वर्गांचे शिक्षक कामाने पिचून गेल्याचं सांगत होते, त्या वर्गांतल्या मुलांच्या शरीरात सकाळच्या वेळी कॉर्टिसॉल जास्त आढळलं.

आधी कोण थकलं, हे या अभ्यासातून ठरत नाही. वैतागलेल्या शिक्षकामुळे मुलं दडपणाखाली आली असतील, किंवा अवघड वर्ग सांभाळता सांभाळता शिक्षक मेटाकुटीला आला असेल. पण दोघांचा ताण एकाच खोलीत, एकमेकांच्या सोबतीने राहतो एवढं त्यातून दिसलं. आपल्याकडे मात्र या दोन गोष्टींची चर्चा दोन वेगळ्या दालनांत चालते. मुलांच्या ताणावर पालक, समुपदेशक आणि डॉक्टर बोलतात, तेही बहुधा दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. शिक्षकांच्या ताणावर शिक्षक संघटना बोलतात, आणि बाकीचा समाज ‘उन्हाळ्याची सुट्टी मिळते, अजून काय हवं?’ म्हणून मोकळा होतो.

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेचं उदाहरण घ्या. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिकवायला दोन माणसं. त्यांतल्या एकाकडे बहुतेक वेळा मुख्याध्यापकपदाचा कार्यभार. सकाळी पोषण आहाराची नोंद, मग ऑनलाइन हजेरी, मुलांचं आधार जुळवणं, यूडायस या सरकारी शाळा-माहिती प्रणालीतल्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज. मध्येच केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, ‘माहिती आजच सादर करावी.’ रेंज मिळत नसेल तर गुरुजी मोबाइल घेऊन शाळेबाहेर उभे, आणि तोवर चारही वर्ग दुसऱ्या बाईंच्या हवाली. त्यांत एकाकडे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदारयादीचं काम असेल, तर संध्याकाळ वाड्यावस्त्यांवर दारोदार फिरण्यात जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत महाराष्ट्रातले शिक्षक रस्त्यावर उतरले, तेव्हा ते खरं तर या कलमाची आठवण करून देत होते. पगारवाढीसाठी मोर्चे निघतातच. पण आपलं मूळ काम करू द्यावं म्हणून ज्या पेशाला मोर्चा काढावा लागतो, त्याचं दुखणं साधं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या आपल्या वर्गीकरणात नोंदवताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था असल्याचं स्पष्ट केलं. तिची लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उठणं, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. ‘काय करायचं, वरून आलंय म्हणून भरायचं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकलेल्या कुणालाही यातलं दुसरं लक्षण ओळखता येईल.

त्यावर असुरक्षिततेची भर पडते. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नोकरीची पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काढायची. प्राथमिक शिक्षणसेवकाला कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांची कथा याहून कठीण. २००९ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द वगळला गेला, पण टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाची वाट पाहण्यात हजारो शिक्षकांची उमेदीची वर्षं गेली. मुंबईच्या आझाद मैदानाने त्यांची कितीतरी आंदोलनं पाहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल. वीस-वीस वर्षं चौथीला शिकवलेली माणसं परीक्षेची पुस्तकं उघडून बसली. शिक्षकाची पात्रता तपासली जावी, यात वाद नाही. पण नोकरी लागल्यावर इतक्या वर्षांनी, ती जाण्याच्या भीतीखाली घेतलेल्या परीक्षेमुळे शिकवणं सुधारेल, असं मानायला फारसा आधार नाही.

मग पगार वाढवला तर शिक्षक मन लावून शिकवतील का? या प्रश्नाचं सर्वांत चोख उत्तर इंडोनेशियातून आलं. २००५ च्या शिक्षक कायद्याने तिथल्या सरकारने प्रमाणित शिक्षकांना मूळ पगाराइतका भत्ता, म्हणजे दुप्पट पगार, द्यायचं ठरवलं. सगळ्यांना तो एकदम देणं शक्य नव्हतं, म्हणून काही शाळांतल्या पात्र शिक्षकांना तो आधी मिळाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२० शाळांची तुलना इतर २४० शाळांशी केली. ज्यांचा पगार दुप्पट झाला ते शिक्षक उत्पन्नाबाबत अधिक समाधानी झाले, पैशांची विवंचना कमी झाली, जोडधंदा करणाऱ्यांचं प्रमाणही घटलं. मुलांच्या शिकण्यात मात्र फरक पडला नाही. दोन वर्षांनी नाही, तीन वर्षांनीही नाही.

हा निष्कर्ष ऐकून ‘बघा, शिक्षकांना पैसे देऊन उपयोग नाही’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यातून असा अर्थ काढणं चूक आहे. त्या शिक्षकांना आधीही पोटापुरता नियमित पगार होता. विनाअनुदानित शाळेत अपुऱ्या पैशांवर राबणाऱ्या शिक्षकाला हा निष्कर्ष लागू पडत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं, की असमाधान घालवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या वेगळ्या. पगार, सुरक्षितता, वरिष्ठांची वागणूक यांत खोट असेल तर माणूस कुढतो. त्या सुधारल्या की कुढणं थांबतं, एवढंच. काम करावंसं वाटतं ते त्या कामातून काही घडताना दिसलं तर. पगार वेळेवर आणि पुरेसा मिळणं हा शिक्षकाचा हक्क आहे. प्रेरणेचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

बक्षीस देऊन पाहिलं तर? इथे उत्तर सरळ नाही. मुरलीधरन यांनीच वेंकटेश सुंदरारामन यांच्यासोबत आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत प्रयोग केला. मुलांचे गुण जितके सुधारतील तितका शिक्षकाला बोनस. सरासरीने तो वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फार मोठा नव्हता. दोन वर्षांत गणितात आणि भाषेत मुलं स्पष्टपणे पुढे गेली. ज्या विषयांना बोनस नव्हता, त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रातही गेली. शिक्षकांच्या गैरहजेरीत घट झाली नाही, पण हजर असलेल्यांनी जादा तास घेतले, गृहपाठ दिला, सराव करून घेतला. न्यू यॉर्क शहरातल्या शाळांत मात्र अशाच बोनसचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे बक्षीस एका ठिकाणी लागू पडतं आणि दुसऱ्या ठिकाणी वाया जातं. ज्यांच्या कामाकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलंच नव्हतं, त्यांना आंध्रातल्या बोनसमुळे ‘तुमचं शिकवणं मोजण्यासारखं आहे’ असा निरोप मिळाला असेल, असं वाटतं.

मुलांच्या बाबतीत बक्षिसाची दुसरी बाजू दिसते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात रंगीत पेनं टेबलावर ठेवली, तेव्हा पहिल्या गटातली मुलं त्यांच्यापाशी इतरांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ रमली. चित्र काढण्यातला आनंद प्रशस्तिपत्राच्या अटीने झाकोळला होता. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी याच दिशेने आपला सिद्धान्त उभारला. माणसाला आतून उमेद वाटायला तीन गोष्टी लागतात: काय करायचं यात स्वतःला काही वाव, जमतंय अशी जाणीव, आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना.

हे तीन निकष घेऊन नववी-दहावीच्या वर्गात डोकावलं तर काय दिसेल? एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. ७३ टक्के मुलांनी शालेय जीवनाबद्दल समाधान व्यक्त केलं. ही आनंदाची गोष्ट. मात्र अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे चिंता वाटते असं सांगणारी मुलं ८१ टक्के होती, आणि उच्च प्राथमिककडून माध्यमिककडे जाताना समाधान घटत गेलं होतं. म्हणजे शाळा आवडते, मित्र आवडतात, बाई आवडतात. धसका आहे तो मोजमापाचा. नववीपासून ट्यूशन, क्लास, टेस्ट सिरीज आणि रँक यांच्या वेळापत्रकात मुलाने स्वतः ठरवावं असं काही उरत नाही. पन्नास जणांच्या बॅचमध्ये चाळिसाव्या क्रमांकावर असलेल्या मुलाला ‘मला जमतंय’ हे रोज कुठून कळणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. अशा मृत्यूमागे एकच कारण कधीच नसतं, सगळं परीक्षेच्या माथी मारणंही योग्य नाही. तरी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं घालून द्यावी लागली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि कोचिंग क्लासेसनी गुणांच्या उतरंडीवर बॅचेस पाडू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांचा पट शंभराच्या आत आहे. तिथे समुपदेशक म्हणजे वर्गशिक्षकच, आणि ते तर माहिती भरत बसलेले.

वाट कुठे दिसते? दोन उदाहरणं मराठी मुलखातलीच आहेत. पहिलं मुंबईचं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणी. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून, त्यांना येत होतं तिथून पुढे शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची चाचणी घेतली, तेव्हा मुलांच्या गुणांत लक्षणीय सुधारणा दिसली. याच दिशेचं काम पुढे ‘पातळीनुसार शिक्षण’ म्हणून अनेक देशांत गेलं. त्यातली कल्पना अगदी साधी आहे. अक्षर ओळखता न येणाऱ्या मुलाला चौथीचा धडा वाचायला लावला, तर मूल रोज हरतं आणि शिकवणाराही हरतो. तेच मूल अक्षरांपासून सुरू करून दोन महिन्यांत वाक्य वाचू लागलं, की दोघांनाही दुसऱ्या दिवशी शाळेत यावंसं वाटतं.

दुसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळागटाचं. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी शिक्षण रुजवलं. जमिनीवरची आखणी, खडे, काड्या, चित्रं, आणि मुलांच्या घोळक्यात खाली बसलेले गुरुजी. धाक नाही, शिक्षा नाही. वरिष्ठ अधिकारी तपासणीला न येता सोबत शिकायला येतो, हा अनुभव शिक्षकांना नवा होता. राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहायला येऊ लागले. आपल्यासारख्याच गावातली, आपल्यासारख्याच घरातली मुलं धडाधड वाचताना पाहून परतलेला शिक्षक पाच दिवसांच्या प्रशिक्षणाहून जास्त काही घेऊन जाई.

जून २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढला, त्यामागे कुमठ्यासारख्या कामाची प्रेरणा होती. त्याने कितीतरी शाळा हलल्या, हे नाकारता येणार नाही. पण चळवळीचा शासन निर्णय झाला की तिच्यासोबत उद्दिष्टं येतात, तक्ते येतात, ‘शंभर टक्के प्रगत’ असं जाहीर करण्याची घाई येते. काही ठिकाणी फरशीवर आखणी झाली, तिच्याभोवती बसून शिकवणं झालं नाही. ज्या शिक्षकाने ते स्वतः पाहून, पटून केलं त्याचा वर्ग टिकला. ज्याने आदेश म्हणून केलं, त्याच्या कामांच्या यादीत आणखी एक काम वाढलं.

म्हणून शिक्षकांच्या प्रेरणेसाठी नवं अभियान, नवं अ‍ॅप किंवा नवा पुरस्कार शोधण्याआधी सरकारने कलम २७ नीट पाळावं. माहिती एकदाच मागावी, आणि ती भरायला केंद्रशाळेवर एक लिपिक द्यावा. आणि पालकांनी पुढच्या सभेत ‘माझ्या मुलाला किती मार्क?’ याच्या आधी एक प्रश्न विचारून पाहावा: ‘गेल्या महिन्यात त्याला नवीन काय जमायला लागलं?’ उत्तर देण्यासाठी शिक्षकाला त्या मुलाकडे पाहायला वेळ मिळालेला असावा लागतो. तो मिळालेला नसेल, तर तो मिळवून देण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनाच बोलावं लागेल. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश जागा त्यांच्याच आहेत. घरातलं मूल किंवा शाळेतले शिक्षक फारच खचलेले दिसले, तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक शाळेच्या फलकावर आजच लिहून ठेवा.