तोंडओळखीचं बळ

मुंबईतल्या एका नामांकित हायस्कूलला इंग्रजीचा शिक्षक हवा होता. रोज एक तास शिकवायचं, पगार ७५ रुपये. जाहिरात वाचून अर्ज करणारा तरुण लंडनहून बॅरिस्टर होऊन आला होता, लॅटिन घेऊन तिथली मॅट्रिकही पास झाला होता. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तो खुशीत गेला. पण तो पदवीधर नाही हे कळल्यावर शाळेनं दिलगिरी व्यक्त करून नकार दिला. त्याआधी लघुवाद न्यायालयात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीला उभं राहिल्यावर त्याला एकही प्रश्न सुचला नव्हता. दलालाला कमिशन द्यायचं नाही हा बाणा असल्यामुळे दुसरं कामही येत नव्हतं.

परदेशातून कायदा शिकून आलेल्या मोहनदास गांधींची ही १८९१-९२ सालची बेकारी त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवली आहे. पुढे काम मिळालं ते जाहिरातीतून नव्हे. पोरबंदरच्या एका मेमन पेढीचा दक्षिण आफ्रिकेत मोठा दावा चालू होता. पेढीनं गांधींच्या थोरल्या भावाकडे विचारणा केली. एका वर्षाचं काम, १०५ पौंड, पहिल्या वर्गाचं जाण्यायेण्याचं भाडं आणि राहण्याजेवणाचा खर्च. १८९३ मध्ये बॅरिस्टरसाहेब बोटीत बसले.

बॅरिस्टरी लंडनची, पण काम आलं ते भावाच्या ओळखीतून. आज पुण्या-मुंबईहून न्यूयॉर्कला एलएलएम करायला जाणाऱ्या मुलामुलींपुढे हाच पेच वेगळ्या वेषात उभा राहतो.

घड्याळ ऑगस्टपासूनच

एलएलएम हा तिकडचा साधारण नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम. ऑगस्टमध्ये सुरू, मेमध्ये पदवी. न्यूयॉर्कच्या मोठ्या खासगी विद्यापीठांत नुसती फी ७० हजार डॉलरच्या पुढे जाते. एवढं कर्ज डोक्यावर घेतलेल्याला वाटतं, आधी अभ्यास, मग नोकरी. इथेच गणित चुकतं.

मोठ्या लॉ फर्म आपली भरती मुख्यतः तीन वर्षांच्या जेडी अभ्यासक्रमातून करतात, तीही पदवीच्या खूप आधी. एलएलएमवाल्यांसाठी दारं कमी आणि ती वेगळ्या वेळी उघडतात. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी जानेवारीत परदेशी एलएलएम विद्यार्थ्यांसाठी मुलाखतींचा मेळावा भरवते, त्यात अनेक विद्यापीठांची मुलं येतात. बऱ्याच जागा एका वर्षासाठीच्या असतात, आणि पुष्कळ फर्मना भारतात, आखातात किंवा सिंगापुरात उपयोगी पडेल असा माणूस हवा असतो.

मे उजाडला की दुसरं घड्याळ चालू होतं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने काम करण्याची मुभा असते, तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ कायद्याच्या पदवीला नाही. ओपीटी पदवीनंतर ६० दिवसांच्या आत सुरू करावी लागते, आणि त्या काळात बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या सनदेसाठीची बारची परीक्षा असते जुलैच्या अखेरीस, निकाल लागतो शरद ऋतूत. म्हणजे एकीकडे परीक्षेचं पाठांतर, दुसरीकडे एकेक दिवस गळणारी शिल्लक. आठवड्याला किमान २० तासांचं, कामगार कायद्यात बसणारं विनावेतन कामही बेकारीत धरलं जात नाही, हे अनेकांना उशिरा कळतं.

पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा, मार्चमध्ये नोंदणी, निवड झालीच तर काम १ ऑक्टोबरपासून. सप्टेंबर २०२५ मध्ये काही नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावणारी घोषणा झाली. नियम असे बदलत राहतात, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात महिन्यातून एक फेरी हवीच.

बारच्या परीक्षेलाही आपली पदवी चालते का, हे न्यूयॉर्कचं परीक्षा मंडळ कागदपत्रं तपासून ठरवतं आणि त्यात महिने जातात. भारतात कॉमन लॉ असल्यामुळे काहींना एलएलएमशिवायही परवानगी मिळते. विमानात बसण्याआधी पदवीचे कागद मंडळाकडे गेलेले असले, तर निम्मी धावपळ वाचते.

वशिला नव्हे, ओळख

आता ‘नेटवर्किंग’. हा शब्द ऐकला की मराठी मध्यमवर्गीय घरातलं मूल आक्रसतं. ‘कुणाच्या दारात जायचं नाही’ हे बाळकडू. मुंबईत फोर्टातल्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून शिरकाव होतो तो कॉलेजातल्या सरांच्या एका फोनवर, पण त्याला आपण नेटवर्किंग म्हणत नाही, ‘सरांनी सांगितलं म्हणून’ म्हणतो. आणि दुसऱ्याचं झालं की त्यालाच वशिला म्हणतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांशी ते बोलले होते. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याच्यामुळे लागली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? आठवड्यातून निदान दोनदा, असं सांगणारे फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. आणि वर्षातून एखादवेळ किंवा तेवढंही न भेटणारे २७.८ टक्के! जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगातही, नोकरी बदलायला सर्वात उपयोगी पडतात त्या बेताच्या सैल ओळखी, असंच दिसलं.

आपल्या भाषेत या नात्याला शब्द आहे: तोंडओळख. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंगतीला शेजारी बसलेले काका सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्यांचा कायद्याशी संबंध नसतो. पण त्यांच्या कंपनीला करार तपासणारी वकील लागते, आणि ती त्यांच्याच मजल्यावर बसते. मॅनहॅटनच्या ४४व्या रस्त्यावरची न्यूयॉर्क सिटी बार असोसिएशन किंवा दक्षिण आशियाई वकिलांची सबानी ही संघटना, यांचे कार्यक्रम म्हणजे तोंडओळखींचा बाजारच. न्यूयॉर्कमध्ये वकिलीची सनद मिळवायला ५० तासांचं विनामूल्य कायदेशीर काम करावं लागतं. ते नुसते मोजून संपवू नयेत. तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेला न्यूयॉर्कचा पहिला वकील तिथेच भेटतो.

वशिला आणि ओळख यांतला फरक मागण्यात आहे. वशिल्यात माणूस नोकरी मागतो, ओळखीत माहिती. एलएलएमचे विद्यार्थी अनोळखी वकिलांना पाठवतात तशी मेल पाहा:

‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ सिन्सिअर अँड हार्डवर्किंग स्टुडंट. काइंडली कन्सिडर माय सीव्ही फॉर एनी सुटेबल ओपनिंग.’

या मेलला उत्तर येत नाही, कारण तिच्यात उत्तर देण्यासारखं काही नाही. ‘नाही’ एवढंच म्हणता येतं, आणि ते म्हणायचं जिवावर येतं म्हणून माणूस गप्प बसतो. हीच मेल दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येते. आशय असा: तुम्ही मुंबईतून एलएलएमला आलात आणि आता लवादाचं काम करता, असं वाचलं. मी मुंबईत दोन वर्षं बांधकाम करारांच्या लवादांवर काम केलं. इथे या कामात शिरताना पहिल्या वर्षी कोणती चूक टाळावी, हे विचारायला तुमची वीस मिनिटं मिळतील का? मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी मी तुमच्या ऑफिसजवळ येऊ शकते.

इथे विचारणा नेमकी आहे, वेळ मोजकी आहे आणि ‘हो’ म्हणणं सोपं आहे. कॉफीचे पैसे देण्याची तयारी ठेवावी, पण वाद घालू नये. वीस मिनिटं झाली की आपणच घड्याळाकडे पाहावं. उठताना एकच विचारावं, ‘आणखी कुणाशी बोलू?’ त्या एका नावानं साखळी पुढे सरकते. त्याच संध्याकाळी दोन ओळींचे आभार, आणि महिनाभरानं तिसरी ओळ: तुम्ही सांगितलं तसं केलं, त्याचं असं झालं. ही तिसरी ओळ फार थोडे लिहितात. तोंडओळख टिकते ती तिच्यावर.

‘आम्ही’तला ‘मी’

मुलाखतीत आपली मुलं अडतात ती इंग्रजीमुळे कमी, नम्रतेमुळे जास्त. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटलं की गाव, आईवडील, दहावीचे टक्के अशी बायोडेटाची गाडी सुरू होते. तिकडे दीड मिनिटात तीनच गोष्टी अपेक्षित असतात: आज काय करता, त्याआधी काय केलंत, आणि आमच्याकडे का. रेझ्युमेही एका पानाचा. त्यावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती यांतलं काही नको.

मग अनुभवाचा प्रश्न येतो, आणि उत्तर ‘आम्ही’नं सुरू होतं. ‘आम्ही एनसीएलटीत बँकेतर्फे अर्ज केला. चाळीस कोटींचं मॅटर होतं. ॲडमिट झालं.’ समोरच्याला एनसीएलटी, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरण, ठाऊक नाही, कोटी ठाऊक नाही, आणि ‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण, हे तर मुळीच कळलेलं नाही. चेंबरमध्ये सगळं श्रेय सीनियरचं, ही आपली रीत. ती चांगलीच आहे, पण मुलाखत सीनियरची नसते.

तेच उत्तर असं देता येतं: ‘भारतात २०१६ साली नवा दिवाळखोरी कायदा आला. त्याखालच्या एका प्रकरणात आमची अशील एक बँक होती, ४०० मिलियन रुपयांचं कर्ज थकलं होतं. तीन वर्षांची मुदत उलटून गेली असा कंपनीचा बचाव होता. मुदतीच्या आत कंपनीनं कर्ज कुठे कबूल केलंय का, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी जुने ताळेबंद एकेक करून वाचले. एकात ती कबुली सापडली. सीनियरनी युक्तिवाद त्यावर उभा केला आणि अर्ज दाखल करून घेतला गेला.’ परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, या चौकटीला तिकडे ‘स्टार’ म्हणतात. यात सीनियरचा मान राखला गेला, पण ताळेबंद कुणी वाचले हेही कळलं. शिवाय बँकेचं नाव कुठेच आलं नाही. अशिलाचं गुपित राखता येतं का, हेही मुलाखत घेणारा नकळत तपासत असतो.

अशा सहा-सात गोष्टी, त्यातली एक फसलेल्या कामाची, मोठ्यानं म्हणून तयार ठेवाव्यात. मनातल्या मनात घोकलेलं उत्तर तोंडातून वेगळंच बाहेर पडतं. नाव ज्ञानदा असो की क्षितिज, पहिल्याच वाक्यात ते सावकाश, दोन तुकड्यांत उच्चारावं, म्हणजे समोरचा ओशाळत नाही. ‘सर’ सोडून पहिल्या नावानं हाक मारायला जीभ रेटत नाही, तिलाही सराव लागतो.

व्हिसाचा प्रश्न निघणारच. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं धर्म किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे. पण ‘तुम्हाला इथे काम करण्याची परवानगी आहे का, पुढे आमच्याकडून व्हिसा लागेल का’ हे विचारता येतं. खरं आणि थोडक्यात सांगावं: ‘पदवीनंतर बारा महिने मी काम करू शकते, त्यासाठी फर्मला अर्ज करावा लागत नाही. पुढे एच-१बी लागेल.’ तेवढं बोलून थांबावं. प्रश्नापेक्षा लांब उत्तर घबराट दाखवतं.

बंद दारांचं काय?

एवढं सगळं करूनही जमेलच असं नाही, कारण ओळखींची जाळी सर्वांना सारखी वाटलेली नसते. आपल्याच मुंबईतलं सर्वात बोलकं उदाहरण १९२३ सालचं आहे. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन असं शिक्षण घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर उच्च न्यायालयात वकिली करू लागले. सनदेचे पैसेही त्यांना नवल भथेना या मित्राकडून घ्यावे लागले. तेव्हा बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरांकडून, आणि अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टरकडे काम द्यायला ती मंडळी तयार नव्हती. जगातली उत्तम पदवी होती, पण जाळ्यात जागा नव्हती. १९२५ पासून काही वर्षं ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरचा पुण्याचा गाजलेला खटला त्यांनी लढवला आणि जिंकला. त्यातले आरोपी ब्राह्मणेतर चळवळीतले होते. सॉलिसिटरांचं दार बंद होतं, काम आलं ते चळवळीच्या अंगणातून.

न्यूयॉर्कमधल्या परदेशी पदवीधराची अडचण त्या अन्यायाच्या तोलाची नाही. पण मोठ्या फर्मचं दार उघडलं नाही तर तिथेच धडका मारत बसू नये, एवढं त्यातून घेता येतं. कंपन्यांचे कायदा विभाग, लहान इमिग्रेशन फर्म, लवाद संस्था, विद्यापीठांतली क्लिनिकं ही बाजूची दारं आहेत. पुष्कळजण परत येतात किंवा लंडन, सिंगापूर गाठतात. न्यूयॉर्कची तोंडओळख तिथेही चालते.

गांधींच्या आत्मकथेतली आणखी एक गोष्ट. लंडनच्या इन्स ऑफ कोर्टमध्ये बॅरिस्टर व्हायला परीक्षेइतकंच महत्त्व जेवणांना असे. ठरावीक जेवणांना हजेरी लावल्याशिवाय सत्र भरत नसे. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसत, त्यामुळे त्यांनी आपल्या टेबलावर बसावं म्हणून चढाओढ लागे. लाजाळू, पानावर फारसं काही न घेणारा हा मुलगा सगळ्यांना हवासा होता, कारण त्याचा वाटा इतरांना मिळे.

नवख्या विद्यार्थ्याकडे देण्यासारखं काय असतं? भारतातला एखादा ताजा निकाल दोन ओळींत समजावून सांगणं, मुंबईतल्या एखाद्या वकिलाशी गाठ घालून देणं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सोलापूरहून किंवा मडगावहून आलेल्या एखाद्या मुलीची ‘रिस्पेक्टेड मॅम’नं सुरू होणारी मेल आली, तर तिला न हसता उत्तर लिहिणं.