मूत्रपिंडाची हांक

रक्तदाब म्हटला कीं आपला हात सहज छातीकडे जातो. परंतु या दाबावर जागता पहारा ठेवणारें एक इंद्रिय पाठीशीं आहे. तें म्हणजे मूत्रपिंड.

इ. स. १८९८ मध्यें स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन यांनीं सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोंचला, तों त्याचा रक्तदाब चढला. अर्कांतील त्या द्रव्यास त्यांनीं ‘रेनिन’ हें नांव दिलें. शोध विस्मृतींत गेला. १९३४ सालीं अमेरिकेंत गोल्डब्लाट यांनीं कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्यानें आवळून रक्तदाब वाढविला, तेव्हां त्याची पुन्हां आठवण झाली.

मूत्रपिंडांत शिरणाऱ्या सूक्ष्म रोहिणीच्या भिंतींतच रेनिनच्या पेशी असतात. दाब उतरला कीं त्या रेनिन सोडतात. मौज अशी कीं, रेनिन स्वतः कांहींच आवळीत नाहीं. यकृतानें रक्तांत सोडलेल्या एका प्रथिनाचा तें तुकडा तोडतें. तो मुख्यतः फुप्फुसांत आणखी कातरला जाऊन ‘अँजिओटेन्सिन दोन’ सिद्ध होतें. तें रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायू आवळतें आणि देहांत मीठ-पाणी राखवितें.

रक्तस्राव झाला असतां हीच व्यवस्था प्राण वांचविते. परंतु मूत्रपिंडाची रोहिणीच अरुंद झाली, तर देहांत दाब पुरेसा असूनही मूत्रपिंडास तो उणा भासतो आणि तें हांक मारीतच राहतें. ही सांखळी तोडणारीं औषधें आज आहेत. पण वाढलेला दाब बहुधा दुखत-खुपत नाहीं.

विद्यार्थ्यांना मी नेहमीं सांगे, उत्तर अंदाजानें लिहूं नका, मोजून लिहा. आपणांसही तेंच सांगतों: रक्तदाब मोजून घ्या.