थर्टी फर्स्टला आपला पेला: संत्र्याचा मसाला चहा

मार्गशीर्षातले गुरुवार, हुरड्याचे दिवस, नाताळ, ३१ डिसेंबर आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू. थंडीचे हे दोन महिने माणसं जमण्याचे. शहरात नोकरीला गेलेली मुलं सुट्टीला येतात, शेतात हुरड्याची आगटी पेटते. आणि याच दिवसांत गावात बाटल्याही जास्त येतात, हे आपल्यापैकी कुणाला वेगळं सांगायला नको.

दारूचं दुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात कितीतरी गावांतल्या बायकांनी आडव्या बाटलीला मतं दिली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ३१ डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत मसाला दूध वाटतात. या दोन्ही गोष्टींतून आम्हाला एक कळतं. बाटली आडवी केली, तरी जमलेल्या माणसाचा हात रिकामा राहतो. त्या हातात काय द्यायचं, हेही आपणच ठरवायला हवं.

आता कुणी म्हणेल, चहा आहे की! पण रोजचा चहा रोजचाच. दोन घोटांत संपतो आणि माणूस उठून जातो. सणाचं पेय असं हवं की लांबूनच वास यावा, घशाला थोडं तिखट लागावं आणि पेला घेऊन निवांत गप्पा व्हाव्यात. म्हणून आज सांगतो संत्र्याचा मसाला चहा. यात दूध नाही. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार डिसेंबरपर्यंत बाजारात असतो, तेव्हा संत्री मिळायला अडचण येत नाही.

साधारण २५ जणांना पुरेल असं माप घ्या. पाणी पावणेतीन लिटर. मध्यम आकाराची १० ते १२ संत्री, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास रस निघतो. चिरलेला गूळ पाव किलो. चहा पावडर २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट १० चमचे. दालचिनीचे बोटभर लांबीचे ४ तुकडे, १० लवंगा, १० मिरी, १२ वेलदोडे, ५० ग्रॅम आलं, गवती चहाची १०-१२ पानं, चिमूटभर जायफळ आणि चिमूटभर मीठ. गवती चहा तर बऱ्याच जणींच्या परसात, मोरीच्या पाण्यावर वाढलेला असतोच.

भांडं स्टीलचं किंवा चांगली कल्हई केलेलं घ्या. आंबट रस ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात घालू नये. धातू रसात उतरतो आणि चवही बिघडते.

आधी मसाला. दालचिनी, लवंग, मिरी, वेलदोडे जाडसर कुटा, आलं ठेचा. गार पाण्यातच सगळं टाका आणि गवती चहाची जुडी बांधून सोडा. उकळी आली की आच कमी करा, झाकण ठेवा आणि १५ मिनिटं उकळू द्या. झाकण विसरू नका. मसाल्याचा वास त्यातल्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. घरभर घमघमाट सुटला, पण पेल्यात काहीच नाही, असं होतं ते त्यामुळे.

मग दोन संत्र्यांची स्वच्छ धुतलेली साल घाला. फक्त वरची केशरी साल पातळ सोलून घ्यायची. आतला पांढरा भाग कडू असतो. पाच मिनिटांनी आच बंद करा आणि आता चहा पावडर टाका. झाकून तीन-चार मिनिटं ठेवा आणि लगेच गाळा. दुधाच्या चहात पावडर खळखळ उकळली तरी चालते, कारण दूध तिचा तुरटपणा ओढून घेतं. इथे दूध नाही, म्हणून पावडर जास्त वेळ राहिली की चहा कडू होणारच.

गूळ वेगळा, वाटीभर गरम पाण्यात विरघळवून गाळून घाला. गुळात कधी कधी खडे, काड्या निघतात. मीठ आणि जायफळ घाला. सगळ्यात शेवटी संत्र्याचा रस. रस घातल्यावर उकळायचं नाही. उकळलं की ताजा वास जातो आणि क जीवनसत्त्वही कमी होतं. वाढताना गार वाटलं, तर मंद आचेवर नुसतं गरम करा.

संत्री नसतील तर चार-पाच लिंबांचा रस घाला. लिंबू पडलं की चहाचा रंग उजळतो, त्याने घाबरू नका. कोकणातल्या मैत्रिणींनी आमसुलं भिजवून त्यांचं पाणी घालावं. कुणाला दुधाचाच हवा असेल, तर त्याचं पातेलं वेगळं ठेवा. रसाच्या चहात दूध घातलं की ते फाटतं.

उरलेला चहा मात्र उबेत ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देऊ नका. गूळ आणि फळाचा रस असलेलं पाणी आंबतं. हातभट्टीवाला गूळ सडवूनच दारू काढतो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून लागेल तेवढाच करा आणि त्याच दिवशी संपवा.

आता तब्येतीचं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या सूचनांतही जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा टाळा, असं सांगितलं आहे. तेव्हा हा चहा पंगतीबरोबर वाढू नका, लोहाची गोळीही त्याच्याबरोबर घेऊ नका. लहान मुलांसाठी चहा पावडर टाकण्याआधीच थोडा काढा गाळून बाजूला ठेवा आणि त्यात गूळ व रस घाला. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी गूळ चालतो असं समजू नये. गुळानेही रक्तातली साखर वाढते. त्यांचा पेला बिनगुळाचा ठेवा.

‘थंडी आहे, थोडी घेतली की ऊब येते,’ असं कुणी म्हणालं तर त्यालाही उत्तर आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून वरवर गरम वाटतं. खरं तर अंगातली उष्णता बाहेर जाते आणि शरीर आतून गार पडतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा चहा व्यसनावरचं औषध नाही. जो माणूस रोज भरपूर पितो, त्याने एकदम दारू सोडली तर हातपाय कापणं, भ्रम होणं, झटके येणं असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. त्याला सरकारी दवाखान्यात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात न्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दारू सोडवा.

मग या चहाचा उपयोग काय? ज्याने सोडली आहे, त्याला सगळ्यात अवघड जातं ते चारचौघांत बसणं. ‘तू का नाही घेत?’ हा प्रश्न त्याला पुन्हा बाटलीकडे नेतो. सगळ्यांच्या हातात एकसारखे पेले असले, तर तो वेगळा पडत नाही आणि त्याला कुणी विचारत नाही. नुकती मिसरूड फुटलेली पोरंही तिथेच असतात. सण असाही होतो, हे ती बघतात. म्हणून पातेलं स्वयंपाकघरात ठेवू नका. अंगणात, आगटीजवळ, माणसं बसतात तिथेच ठेवा. आणि तो देण्याचं काम घरातल्या, गावातल्या पुरुषांकडेही द्या. ज्याने स्वतःच्या हाताने वाढलं, तो कार्यक्रम सोडून सहसा जात नाही.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला निम्म्या मापाने एकदा करून बघा. गूळ कमी हवा की आलं जास्त, ते आपल्या गावच्या जिभेप्रमाणे ठरवा. मसाल्याचा खर्च सगळ्याजणींत वाटून घ्या. आणि ३१ तारखेला संध्याकाळी, गावातली पोरं कुठे बसायचं ते ठरवायच्या आतच, तुमचं पातेलं चुलीवर असू द्या.